उपकरण, वजन नव्वद किलो

आमच्या गल्लीच्या टोकाला लाकडी स्टुलांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक लांबट शेड, बावीस माणसं, दोन करवतयंत्रं आणि सगळ्यांच्या भुवयांवर बसलेला भुसा. इथे बैठकमामांनी एकतीस वर्षं एकच काम केलं. ते बसले.

हे वाचून ज्यांना हेवा वाटला असेल त्यांनी कामाचं स्वरूप समजून घ्यावं. तयार झालेलं प्रत्येक स्टूल मामांसमोर येई. मामा चष्मा काढत, डोळे मिटत आणि हात न टेकता पूर्ण वजनानिशी बसत. मग एकदा डावीकडे कलत, एकदा उजवीकडे, आणि ऐकत. स्टूल गप्प राहिलं तर खडूची खूण, कुरकुरलं तर परत सुताराकडे. दिवसाला दोनशे स्टुलं. सुतार म्हणे, मामांनी नापास केलेल्या स्टुलात मला कधी दोष दिसत नाही. सांधा उघडला की मात्र सापडतो. हे तो तक्रारीच्या सुरात सांगे.

मालकांची मुलगी शिकून परत आली आणि पहिल्याच आठवड्यात तिने जाहीर केलं की आपला माल आता परदेशात जाणार. सगळे तिला ताई म्हणत. मालक तिला नाही म्हणत नसत. तिच्या आईपाशी त्यांचा तेवढा सराव झालेला होता. तीन महिने पत्रव्यवहार झाला आणि समुद्रापलीकडच्या एका दुकानदाराने सहाशे स्टुलं मागवली. पसंत पडली तर दर महिन्याला तेवढीच. त्याआधी एक फॉर्म भरून पाठवायचा होता, आणि मग त्यांचा तपासनीस येऊन खातरजमा करणार होता.

फॉर्म कारकुनाकडे गेला. कारकुनाला खोटं लिहिता येत नसे, आणि हा दोष ठाऊक असूनही कागद त्याच्याकडेच दिला गेला. ‘चाचणीचे उपकरण’ या रकान्यापाशी तो थबकला, मग मामांना मालाच्या काट्यावर उभं करून त्याने लिहिलं: भार नव्वद किलो. उपकरण किती जुने? अठ्ठावन्न वर्षे, पैकी वापर एकतीस. शेवटची दुरुस्ती? उजवा गुडघा, गेल्या उन्हाळ्यात. दैनंदिन देखभाल? जेवणानंतर अर्धा तास डुलकी. ताईंनी सही करताना फक्त नव्वदचा आकडा पाहिला आणि त्यांना तो भारदस्त वाटला.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी मामांना सांगितलं की दहा किलो उतरवा, नाहीतर डावा गुडघाही उजव्याच्या वाटेने जाईल. हे एकट्या मामांना सांगितलं असतं तर तिथेच संपलं असतं. पण शेजारच्या खुर्चीत मामी होत्या. दुसऱ्या दिवसापासून घरी ताटाची जागा बशीने घेतली.

इकडे महिनाभरात मामांचा शर्ट सैल दिसू लागला तसं ताईंनी त्यांना बोलावून घेतलं. फॉर्मवर नव्वद लिहिलंय, काट्यावर कमी भरलं तर ऑर्डर जाईल, म्हणून आपण सरळ दाब देणारं मशीन घेऊ, असं त्या म्हणाल्या. वर अगदी मायेने जोडलं, “मग मामा, तुम्हाला घरी आराम.”

मामांनी वजन पुन्हा नव्वद भरवून दाखवतो म्हणून मुदत मागून घेतली. एकतीस वर्षं बसून काढलेल्या माणसाला घरी बसायची भीती वाटते, हे बाहेरच्याला पटायचं नाही.

तेव्हापासून मामांना दर शनिवारी दोन काट्यांवर उभं राहावं लागे. सकाळी दवाखान्यात ते चपला, पट्टा, घड्याळ, चष्मा सगळं काढून श्वास रोखत. दुपारी कारखान्यात तेच मामा खिसे भरून स्क्रू घेऊन काट्यावर चढत. कामावर जाताना वाटेत बिस्किटांचा एक पुडा आणि घरी बशीतली काकडी, अशा रीतीने दोन्ही पक्षांना सांभाळून वजन छान लोंबकळत होतं. मग एका रविवारी मामींनी पँट धुवायला घेतली.

“अहो, हे काय? लोखंडाचं दुकान काढलंत?”

मामांनी सगळं सांगून टाकलं. मामींनी शांतपणे ऐकलं आणि पँट पिळली. “ओझंच दाखवायचंय ना त्यांना? मग खिळ्यांचं पोतं घ्या मांडीवर. त्यासाठी माणसाने कशाला फुगायचं?”

मामांच्या हे वर्मी लागलं. “पोत्याला ऐकू येतं का?”

“ऐकायला तुम्ही आहात की. घर सोडून सगळीकडे बरं ऐकू येतं तुम्हाला.”

मामांनी दोन दिवस रुसवा धरला. मामींच्या ते लगेच लक्षात आलं असं नाही.

तपासनीस आला त्या सकाळी मामींनी नवऱ्याचे खिसे उलटे करूनच त्यांना उंबऱ्याबाहेर सोडलं. तपासनीस शेडच्या दारातून आडवा होऊन आत आला. सरळ मावत नव्हता. त्याने फॉर्म काढला आणि उपकरण दाखवा म्हणाला. मामा पुढे झाले, काट्यावर चढले. चौऱ्याऐंशी. सुतार छताकडे बघू लागला.

तपासनीस ताईंशी बराच वेळ बोलला. ताईंनी खालच्या आवाजात सांगितलं की नव्वद काय अन् चौऱ्याऐंशी काय, त्यांना सारखंच. तिकडची गिऱ्हाइकं यांच्याएवढी असतात. स्टुलाने एकशेवीस पेलायला हवं. सहा महिने जाडेपणावरून बोलणी खाणारे मामा आयुष्यात पहिल्यांदाच कमी पडले होते.

ताई मशीनचं बोलायला सुरुवात करणार एवढ्यात मामांनी घसा साफ केला आणि सुताराला म्हणाले, “पोतं आण. छत्तीस किलो खिळे, मोजून.”

मामा बसले, सुताराने पोतं मांडीवर ठेवलं, मामांनी डोळे मिटले. पहिलं स्टूल पास, दुसरंही पास. तिसऱ्यावर ते उजवीकडे कलले आणि म्हणाले, “हे परत.” तपासनीसाला काही ऐकू आलं नव्हतं. तो स्वतः त्यावर बसला, हलला, खांदे उडवले. सुताराने नेहमीच्या कंटाळ्याने सांधा उघडला. आत एका बाजूला सरस लागलाच नव्हता.

तपासनीस सावकाश उठला आणि त्याने एकच विचारलं: हे उपकरण दर महिन्याला मिळेल का?

“मिळेल,” मामा म्हणाले. “थोडं थोडं कमी होत जाईल. तेवढे खिळे वाढवू.”

आता मालाच्या काट्यावर एक पाटी टांगलेली असते आणि कारकून दर सोमवारी तिच्यावर दोन आकडे लिहितो. परवा लिहिलं होतं: मामा एकोणऐंशी, खिळे एक्केचाळीस. मामींनी नवऱ्याचं वजन विचारणं सोडून दिलंय. संध्याकाळी मामा चपला काढत असतात तेव्हा त्या आतूनच विचारतात, “खिळे किती झाले?” आणि उत्तर ऐकून ठरवतात की आज ताट वाढायचं की बशी.