आमच्या घरातला कलंदर

हल्ली हरमलच्या वाटेवर एका कॉफीच्या दुकानावर ‘बोहेमियन’ अशी झोकदार पाटी लागली आहे. आत झोपाळे, रंगीत उशा आणि मोपाच्या विमानतळावरून थेट येऊन बसलेली माणसे. मी ती पाटी पाहिली आणि मला हसू आले. आमच्याकडे ह्याच प्रकाराला कलंदर म्हणत, आणि तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो वडिलांच्या तोंडून, दात-ओठ खाऊन उच्चारलेला.

वडिलांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा काका, वास्कोच्या बंदरातली बरी नोकरी सोडून पेडण्याला परतला. सामानात कपडे कमी, रंगाचे डबे जास्त. “आयलो कलंदर!” वडील म्हणाले, आणि तो शब्द आमच्या घरी मुक्कामाला आला. आईच्या लेखी त्याचा अर्थ, जेवणाच्या वेळी कधीही घरात नसणारा. गावाच्या लेखी, जत्रेच्या नाटकाचे पडदे रंगवणारा आणि ऐनवेळी नट आजारी पडला तर स्वतः तोंडाला रंग फासून उभा राहणारा. किनाऱ्यावरच्या हिप्पींशीही त्याची गट्टी होती, त्यामुळे काहीजण त्याला वाया गेलेला म्हणत. मला मात्र मोठेपणी तेच व्हायचे होते.

राजभाषा मराठी की कोंकणी यावरून आंदोलन पेटले तेव्हा मी म्हापशाला कॉलेजात होते. गावात सख्खे शेजारी एकमेकांशी बोलेनासे झाले. काका सकाळी मराठीवाल्यांचे फलक रंगवी आणि दुपारी कोंकणीवाल्यांचे, दोन्ही तितक्याच प्रेमाने. वडील कट्टर मराठीवाले. “लाज ना तुका?” ते कडाडले.

“दादा, अक्षरां दोगांचींय देवनागरीच मरे!” काका म्हणाला. वडिलांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरले, पण त्यांचे खांदे हसत होते.

काकी डिचोलीकडची, गणपती करणाऱ्या घरातली. तिच्याच जिवावर काकाने आमच्या पडवीत चित्रशाळा घातली. गणपती घडवण्याच्या जागेला आमच्याकडे चित्रशाळाच म्हणतात. लोक आपापल्या घरचा पाट आणून देत आणि त्या पाटावरच मूर्ती व्हायची. माती मळणे, अंग घडवणे, पांढरा हात देणे हे सगळे काकीचे. दागिने, पीतांबर आणि सर्वांत शेवटी डोळे हे काकाचे. डोळे एकाच हाताने काढायचे, आंघोळ करून आणि उपाशीपोटी. डोळे काढल्याशिवाय मूर्ती कुणी उचलत नसे.

गोवा राज्य झाले त्या वर्षीची चवथ. चवथीच्या दोन दिवस आधी काका तेरेखोल नदीपलीकडे एका नाटकमंडळीचा पडदा दुरुस्त करायला गेला होता. “सकाळच्या फेरीन येतां,” असे सांगून. रात्रभर पाऊस कोसळला, नदी फुगली आणि फेरीबोट बंद पडली. पडवीत गावाचे गणपती ओळीने बसलेले, सगळे बिनडोळ्यांचे. दुपारपासून माणसे न्यायला येणार होती. वडील येरझाऱ्या घालत होते. “गांवची चवथ बुडयली ह्या कलंदरान!”

काकी उठली. विहिरीवर जाऊन आंघोळ करून आली आणि काकाचा बारीक कुंचला घेऊन पहिल्या मूर्तीसमोर बसली. धाकट्या भावजयीशी वडील थेट बोलत नसत, तशी रीतच होती. ते आईला म्हणाले, “तिका विचार, जमतलें?”

“आमच्या घरात चेडवांक डोळे काडूंक दिनासले,” काकीने उत्तरही आईलाच दिले; माहेरी मुलींना ती मनाई होती. “पूण बघूंक कोण आडायनासले.”

काळ्या रंगाची बशी मी धरली होती. पहिला डोळा काढायला तिला बराच वेळ लागला. दुसऱ्यापासून तिचा हात असा काही चालू लागला की बशी पुढे करता करता माझी धांदल उडाली. वडील जनेलापाशी, खिडकीचा गज धरून बघत होते.

माणसे आली, मूर्ती डोक्यावर घेऊन निघाली; काका नदीपलीकडे अडकल्याचे कुणाला ठाऊक नव्हते. एक म्हातारा शेतकरी आपल्या गणपतीपुढून हलेचना. “यंदाचे डोळे बघ रे! कलंदर आसा, पूण हात बघ त्याचो!” मी तोंड उघडले, तेवढ्यात काकीने माझे मनगट दाबले. बाईच्या हातचे डोळे म्हटल्यावर कुणी मूर्ती परत ठेवली असती तर? मग ती चहा टाकायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी काका कसाबसा पोचला. आरतीला म्हणून शेजारच्या घरी शिरला आणि गणपतीसमोर घुमट, म्हणजे आमचे मातीचे चर्मवाद्य, वाजवायचे सोडून नुसता बघत राहिला. मग सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणाला, “हे डोळे माझे न्हय. माझ्या बायलेन काडल्यात.”

सारे घर हसत सुटले. “बघा रे! आपलें नांवय बायलेक दिता! कलंदर तो कलंदरच!” काका घरोघर तेच सांगत फिरला. घरोघर लोक हसले. तो चिडला, त्याने शपथा घेतल्या, एकदा तर घुमट आपटायला निघाला. लोक आणखीनच खूश झाले. पुढे कित्येक वर्षे जत्रेत त्याच्या कलंदरपणाची साक्ष म्हणून हाच किस्सा सांगितला जाई, आणि सांगणाऱ्याच्या डोळ्यांत त्याच्याविषयी माया असे. काका आणि काकी, दोघेही आज नाहीत. आता तो किस्सा मलाच लोक सांगतात, काकाची आठवण म्हणून.

चवथीच्या त्या दिवशी मात्र माझे डोके भडकले होते. काकी मागच्या दारी तांदूळ निवडत बसली होती. मी विचारले, “तुका राग येना?”

“येता तर! येना कसो?”

“मगे गप्प कित्याक?”

तिने सूप झटकले. “घरात एक कलंदर पुरो गो. दोगां जालीं जाल्यार भात कोण शिजयतलो?”