रॉजर कोण?

हसायचंच असेल तर आधीच हसून घ्या, कारण माझ्या पोरीचं ठरत आलेलं लग्न माझ्याच जिभेनं मोडायला निघालं होतं!

सगळी नोकरी मी फौजेत वायरलेस सेटवर काढली. कानाला हेडफोन आणि त्यात दिवसभर खरखर. पलीकडचा निरोप नीट पोचला की म्हणायचं, "रॉजर." पहिल्याच दिवशी मी "हां जी" म्हणालो, तर उस्ताद ओरडले, "ओए, मौसी से बात कर रहा है क्या? रॉजर बोल!" ती खरखर, ते उस्ताद, तो मगातला चहा... अजून आठवतं हो.

रिटायर होऊन भिंगारला घर केलं, पण सवय काही सुटली नाही. बायको म्हणाली कोथिंबीर आणा, की मी म्हणणार रॉजर!

तर आमच्या स्वातीला हिवरे बाजारकडचं स्थळ आलं. मुलगा शिकलेला, घरी दूधदुभतं, माणसं साधी. मला तर फारच आवडलं. पाहून गेल्यावर मुलाच्या वडिलांचा, तात्यांचा, फोन आला. ते गोठ्यात, मागे म्हशी ओरडतायत, रेंज येतेय-जातेय. मला अगदी ड्यूटीवर बसल्यासारखं वाटलं!

"मेजर," तात्या म्हणाले. आमच्याकडे फौजेतून आलेला साधा शिपाईसुद्धा मेजरच! "पोरगी आमाला लई आवडली. पर एक इचारतो, राग मानू नका. तिच्या मनात दुसरं कोनी हाय का?"

"रॉजर!"

"कोन?"

"रॉजर, रॉजर!"

फोन कट. मला वाटलं, रेंज गेली.

संध्याकाळी स्थळ आणणाऱ्या साडूंचा फोन. "अहो, हा रॉजर कोण? तात्या म्हणतात, बापच पोराचं नाव सांगतोय, तर आपण कशाला मध्ये पडायचं!"

बायकोनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. स्वाती उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. तेवढ्यात राहुरीहून माझ्या आत्याचा फोन! "रॉजर नोकरीला आहे ना? मुलगा बरा असेल तर देऊन टाक रे, हल्ली चालतं!"

सकाळी स्कूटर काढली आणि थेट तात्यांचा गोठा गाठला. हात जोडून सांगितलं, "तात्या, रॉजर नावाचा कुणी नाही हो! रॉजर म्हणजे तुमचं बोलणं ऐकलं, समजलं."

तात्या इतके हसले की म्हैस बिथरली. मग डोळे पुसत म्हणाले, "आस्सं व्हय! म्हंजी सवाल पोचला. मग आता जबाब सांगा की."

आता आली पंचाईत! जबाब कुठला? मुलगा पाहिला, घर पाहिलं, म्हशीसुद्धा पाहिल्या. पण पोरीला विचारलं होतं कुणी?

तिथूनच तिला फोन लावला. घाबरत घाबरत विचारलं.

"दुसरं कोणी नाही हो बाबा. मला हाच आवडलाय," स्वाती म्हणाली. "पण तुम्ही आता एक अक्षर बोलू नका. फोन तात्यांना द्या."

दिला. दोघं थेट बोलले. तात्या हसतायत, "व्हय बाळा, व्हय" म्हणतायत. माझा चहा निवायच्या आत लग्न पक्कं!

काय म्हणावं? जन्मभर लोकांचे निरोप पोचवण्याचा पगार खाल्ला, आणि घरच्या लग्नाची लाइन साफ झाली ती मी मधून उठल्यावर!