मधल्या खुर्चीतली बाई

तिला सगळे बाईच म्हणत. विद्यापीठात बाई, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत बाई, आणि शहराच्या कडेच्या वस्तीत, जिथे दोन धर्मांची प्रार्थनाघरं एकमेकांकडे पाठ करून उभी होती, तिथेही बाईच. नावानं हाक मारणारं एकच माणूस उरलं होतं, तिचा थोरला भाऊ. शिंपी होता. तो गेला, आणि ती हाकही गेली.

विद्वत्ता मोठी. देवाच्या दारात जमलेली माणसं विहीर कशी खणतात, दवाखाना कसा चालवतात, यावर तिनं जाडजूड ग्रंथ लिहिला. धर्म शिकवणारे म्हणत, बाई नळाच्या गोष्टी करतात. विकास शिकवणारे म्हणत, बाई देवाच्या. शेवटी दोन्हीकडच्यांनी मिळून तिला जिन्याखालची खोली दिली. तिथे ती एका कपापुरतं पाणी उकळायची आणि उन्हं उतरली की वस्तीत जायची.

वस्तीत तिनं दोन्ही धर्मांची मिळून समिती उभी केली, आणि एक नियम घातला. प्रार्थनेला आलेला दुसऱ्या धर्माचा माणूस कडेच्या खुर्चीत बसेल, खालच्या सतरंजीवर नाही. कुणाला ओढून प्रार्थनेला बसवलं, असं उद्या कुणी म्हणायला नको. समितीची प्रमुख म्हणून ती स्वतः दोन्हीकडे खुर्चीतच बसे. जिथे लहानपणी आईच्या मांडीवर झोपली, त्या स्वतःच्या प्रार्थनाघरातसुद्धा. भाऊ सतरंजीवरून मान वर करून हसायचा. "गुडघे दुखत असतील तर सांग गं, उशी शिवून देतो."

पण या नियमामुळेच लोकांचा तिच्यावर विश्वास बसला. दोन्ही प्रार्थनाघरांच्या मधल्या जागेत पाण्याची टाकी झाली, पाणी आधी कुणाला यावरून जुंपली, तेव्हा निवाडा तिच्यावरच सोपवला; बैठकीत दोन्ही बाजूंच्या मधल्या खुर्चीत बसून तिनं तो द्यायचा. ती बैठक उद्यावर आली होती. आणि आज तिच्या स्वतःच्या प्रार्थनाघरात भावासाठी प्रार्थना होती.

ती आत आली. राखणदारानं खुर्ची पुसून ठेवली होती. शेजारच्या खुर्चीत दुसऱ्या बाजूचा पुढारी, म्हातारा लोहार, टोपी हातात धरून बसला होता.

"आज मी खाली बसते," ती हळूच म्हणाली.

राखणदार गडबडला. "बाई, नियम तुमचाच. लोहारबुवा बघतायत. आज तुम्ही आमच्यात बसलात, तर उद्या तुमचा निवाडा कोण मानणार?"

पुढच्या रांगेतून वहिनी वळली. डोळे सुजलेले, पण जिभेची धार तशीच. "बसू दे रे त्यांना खुर्चीत. माझ्या लेकीच्या लग्नातही वन्सं तिथेच बसल्या होत्या. पाहुण्यांसारख्या."

खरंच होतं ते. बाई क्षणभर खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. मग तिनं चपला काढल्या आणि सतरंजीवर जाऊन बसली. आजूबाजूच्या बायका अदबीनं सरकल्या. इतक्या सरकल्या, की तिच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस मावेल एवढी जागा रिकामी राहिली. कुणीही ती भरली नाही. त्या मोकळ्या जागेत तिनं भावासाठी प्रार्थना म्हटली आणि पोटभर रडली.

प्रार्थना संपल्यावर ती आपणहून लोहाराकडे गेली.

"बुवा, उद्या मधल्या खुर्चीत मी नाही बसणार. दवाखान्यातल्या नर्सबाईंना बसवा. त्या दोन्हीकडच्या नाहीत."

लोहारानं टोपी डोक्यावर घातली. तिला वाटलं, आता म्हणेल, असं कसं बाई, तुमच्यावाचून कसं व्हायचं? एवढी वर्षं त्यानंच तर तिला 'आमच्या बाई' म्हटलं होतं.

"बरं," तो म्हणाला. "त्यांना सकाळीच निरोप धाडतो." आणि भावाबद्दल दोन चांगले शब्द बोलून आपल्या माणसांमागे निघून गेला.

राखणदार खुर्च्या उचलायला लागला. बाई दाराशी उभी राहिली, कुठे जायचं ते न सुचून. वहिनी चपला शोधत तिच्या जवळ आली. तोंड अजून फुगलेलंच होतं.

"वन्सं, दुकानात लोकांचे अर्धेमुर्धे कपडे पडलेत. कुणाचं काय, मला एकटीला उमगत नाही."

"मला तरी कुठे उमगणार?"

"नाही उमगणार," वहिनी म्हणाली. "पण चला."