डबा परतूरात, ठिपका हसनाबादला

आधीच सांगून टाकतो, भूतखेत, अंगात येणं, असलं काही आपल्याला बिलकुल पटत न्हाई. गल्लीत कुणी असलं सांगायला लागलं की मी चहा अर्धा टाकून उठतो. तेव्हा हे मीच लिहून राह्यलो, याचा सगळ्यात जास्त राग मलाच येतो... पण घडलं ते घडलं.

जालन्यात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी गाड्यांच्या स्क्रीनसमोर बसतो. प्रत्येक गाडीत जीपीएसचा एक डबा. तो सॅटेलाइटवरून आपली जागा ओळखतो, आतल्या सिमकार्डातून सर्व्हरला कळवतो आणि माझ्या नकाशावर ठिपका सरकतो. हे कळवायला थोडा वेळ जातो, म्हणून ठिपका नेहमी गाडीच्या जरा मागंच असतो. यात जादू काही न्हाई.

आता ड्रायव्हर लोकांची एक चलाखी. कुणाला मधेच घरी डोकवायचं असलं की तो आपला डबा काढून दुसऱ्याच्या गाडीत ठेवतो. आत बॅटरी असते, त्यामुळं दिवसभर खपून जातं. शेठला वाटतं, दोन्ही गाड्या बराबर रस्त्यावर हायेत. मलाही त्या दिवसापर्यंत हे माहीत नव्हतं.

त्या दिवशी रशीदचाचा आणि दत्ता, दोघं आपापल्या पिकअप घेऊन परतूरला माल भरायला गेल्ते. दुपारी दोन्ही ठिपके परतूरच्या मार्केटात दिसत होते. मी जेवून हात धुवून आलो, तर चाचांचा ठिपका हसनाबादच्या पुढं. परतूर एका टोकाला, हसनाबाद दुसऱ्या... आणि ठिपका रस्त्यावर पण न्हाई, बाजूला ओढ्यात.

चाचांचा फोन बंद. दत्ताला लावला.

"दत्ता, चाचा कुठंयत?"

"हितंच की भाऊ... चहाला गेलेत."

"खोटं बोलू नको. ठिपका हसनाबादला दिसून राह्यला."

तो आवाज खाली आणून म्हणाला, "भाऊ, शेठला सांगू नका. चाचांना नातू झाला, पोरीला भेटायला धावड्याला गेलेत. आतापर्यंत यायला पाहिजे होते. पण त्यांचा डबा तर माझ्याजवळ हाय. आत्ता हातात धरलाय."

मी स्क्रीन पुन्हा लोड केली. ठिपका तिथंच, ओढ्यात.

शेठला सांगावंच लागलं. ते म्हणाले, "डबा परतूरात हाय ना? मंग ठिपका चुकला. सोड."

"शेठ, चुकायचंच होतं तर अख्ख्या जिल्ह्यात धावड्याच्याच वाटेवर चुकला का?" त्यांच्यासमोर आजवर आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला.

हसनाबादला माझे साडू शेती करतात. त्यांना फोन केला. ते मोटारसायकलवर, मी स्क्रीनवर.

"पुढं... अजून पुढं... मोरी दिसती का?"

"मोरी हाय, पण गाडीबिडी काही न्हाई. नुसत्या बाभळी हायेत."

"खाली उतरा, साडूभाऊ. माझ्यासाठी उतरा."

बराच वेळ नुसता काट्याकुट्यांचा आवाज. मंग साडू ओरडले, "अरे, गाडी हाय! माणूस जिता हाय!"

पिकअप उलटल्ती. चाचांचा पाय स्टेअरिंगखाली अडकल्ता, मोबाईल पाण्यात गेल्ता. रस्त्यावरून काही दिसतच नव्हतं. आजूबाजूच्या शेतातली माणसं ट्रॅक्टर घेऊन आली, दोर लावले आणि चाचांना बाहेर काढलं. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर हाती लागले नसते. इकडं ऑफिसात आम्ही हमालांसकट नाचलो. शेठनी मला मिठी मारली आणि वर चाचांना शिव्या घातल्या, की सुट्टी मागायला काय झाल्तं याला.

जीपीएसवाला माणूस येऊन डबा तपासून गेला. म्हणाला, ठिपका कधीकधी उडतो. मी म्हणालो, "उडून बराबर त्याच मोरीखाली?" त्यानं चहा संपवला आणि बॅग उचलली. ती जागा डब्याला कशी कळली, मला आजही माहीत न्हाई. हसायचं तर हसा, आमचा माणूस वाचला.

परवा चाचा पुन्हा कामावर आले. नातवाचे पेढे अख्ख्या ऑफिसला वाटले, डबा स्वतःच्या हातानं घट्ट बसवला. "भास्करभाऊ, आता हा निघणार न्हाई," म्हणाले. गेटबाहेर पडताना लांबलचक हॉर्न वाजवला.

मी स्क्रीनकडं बघितलं. ठिपका अजून यार्डातच उभा होता, नेहमीसारखा जरा मागं. आमच्या पुढं तो फक्त त्या एकाच दिवशी गेल्ता.