बैठकीतलं वायफाय

धाकट्या भावाचा हात आखातातल्या कारखान्यात मशीनमध्ये सापडला. "बोटं शाबूत आहेत," असं तो फोनवर कितीदा तरी सांगे, पण आईचा विश्वास बसेना. "डोळ्यानं पाहीन तवाच खरं," म्हणायची आणि अर्ध्या भाकरीवरून उठायची. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. आमच्या औंढ्याकडच्या गावात टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट नुकतं आलेलं. मी लॅपटॉप आणला. भावाने व्हिडिओ कॉलसाठी रविवारी चारची वेळ दिली. पाचला लाइट जायची, म्हणजे हातात जेमतेम एक तास.

अडचण भिंतींची होती. टेलिफोन बैठकीत, तिथेच वायफायचा डबा. घर मातीचं, भिंती दोन हात रुंद. सिग्नल माजघरातच मान टाकायचा, स्वयंपाकघरात तर नावालाही नाही. आणि बैठकीत आबा, म्हणजे माझे वडील, दोन सोबत्यांना घेऊन दिवसभर बसलेले. पुरुष असताना आई तिथे पाऊल टाकत नसे. चहाचे कपसुद्धा उंबऱ्याआडून पुढे सरकवायची.

मी जात्याच उतावळा. लांब वायर टाकली, ती उंदरांनी कुरतडली. मग वारंगा फाट्यावरून बस धरून नांदेड गाठलं आणि आणखी दोन डबे आणले. एक माजघरात मांडणीवर, एक स्वयंपाकघरात कोनाड्यात. पहिल्याचा सिग्नल दुसऱ्याने झेलायचा, दुसऱ्याचा तिसऱ्याने. कागदावर सगळं बराबर होतं.

रविवारी स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडला, तर भाऊ दिसला तो तुकड्या-तुकड्यांत. कपाळ हलतंय, हनुवटी गोठलेली. मी लॅपटॉप उचलून माजघरात पळालो, आई पदर सावरत मागे. एका डब्यावरून दुसऱ्यावर गेलं की फोन कटायचा. पुन्हा लावायचा, पुन्हा कटायचा. साडेचार वाजले. बैठकीच्या उंबऱ्याजवळ चित्र जरा सुधारलं. भाऊ हाताची पट्टी सोडू लागला आणि सगळं पुन्हा गोठलं. आणखी चार पावलं पुढे जायला हवं होतं, पण आई तिथेच थबकली. माझं डोकं फिरलं. डब्यांवर, भिंतींवर, आणि एवढ्या गोंधळात निवांत सुपारी कातरणाऱ्या आबांवर.

"आबा, उठा तुमी!" मी ओरडलो. त्यांच्याशी असं मी कधीच बोललो नव्हतो.

"काहून?"

"माय आत येऊ शकत न्हाई म्हणून!"

अडकित्ता थांबला. "मी कवा नको म्हणलं तिला?"

"म्हणलं न्हाई," उंबऱ्याआडून आई म्हणाली. "पर कवा उठले बी न्हाईत."

सोबती गुपचूप निघाले. मग आबांनी चपला घातल्या आणि ते अंगणात गेले. मला लाज वाटली ती माझी. नांदेड गाठलं, घरभर डबे मांडले, पण 'उठा' हा एक शब्द मला इतक्या वर्षांत सुचला नव्हता.

आई गादीवर बसली. चित्र स्वच्छ. भावाने हात पुढे धरला, सुजलेला, टाके घातलेला. आई पडद्याला नाक लावून मोठ्याने मोजू लागली. शेवटी "हलव," म्हणाली. अंगठा हलला, तशी ती रडू लागली.

अंगणातून खिडकीचा गज धरून आबांनी विचारलं, "पाची हायत का?"

"हायत," आई मागे न बघता म्हणाली. "या आत. बसा."

आबांनी चपला काढल्या आणि ते उंबऱ्यातच थांबले, तिने दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत.