यकृताची वाटणी

नगरला इंटर सायन्सला असताना माझ्या रूम पार्टनरने माझा जो छळ केला, तो नरकातसुद्धा कुणी कुणाचा करत नसेल. इतक्या वर्षांनीही त्याची आठवण झाली की माझे डोके फिरते. तो नेवाशाकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. डॉक्टर व्हायची त्याला एकच संधी होती. "यंदा पास झाला तर झाला, न्हाईतर घरी येऊन औत धर," असे त्याच्या वडिलांनी माझ्यादेखत बजावले होते. आणि हे ऐकूनही हा गृहस्थ जीवशास्त्राचे पुस्तक उघडून काय करायचा, तर कोण कुणासारखे दिसते ते शोधत बसायचा!

स्वादुपिंडाची आकृती पाहिली की म्हणायचा, "रुसलेली सून बघ, कसा कोपरा धरून बसलीय." मग ती का रुसली, माहेर कुठले, सासू कशी, यात संध्याकाळ जायची आणि पचनसंस्था बिचारी तशीच राहायची. दुष्काळात मोठ्या मुश्किलीने मिळालेला बेडूक प्रात्यक्षिकाला उताणा टाचलेला पाहून याने कात्रीच खाली ठेवली. "आमचा मामा जेवून असाच पडतो. झोपू दे रं त्याला, लई दमलाय." सरांनी आम्हा दोघांनाही बाहेर काढले. माझा काय गुन्हा? मी नुसता हसलो होतो! खोलीवर येऊन मी पुस्तक आपटले, "मूर्खा, औत धरायचंय का तुला?" तर म्हणतो कसा, "वरडू नगंस. तुझ्या मिशा झुरळावानी हालत्यात."

परीक्षेत नेमकी बेडकाची पचनसंस्था आली. ती मी त्याच्याकडून घोटून घेतली होती. हा बाहेर आला तो खुशीत. "यकृताचे तीन खंड काढले आन् पाटलाची तीन पोरं आठवली. सगळी वाटनी लावली बघ. रानातली इहीर कुनाला द्यायची तेवढंच जमंना, तवर घंटा झाली." बाकीचा पेपर कोरा!

निकालात मी होतो, तो नव्हता. त्याला सोडायला माळीवाड्याच्या स्टँडवर गेलो, तो वर्षभराच्या शिव्या मनात साठवूनच. तो खिडकीशी बसला. आता हा कंडक्टरला तरी कशाची तरी उपमा देईल, आणि मी सुरू करीन, अशा बेतात मी उभा होतो. तो बोलेचना. शेवटी मीच खेकसलो, "बोल की आता! कशासारखं वाटतंय?"

त्याने बराच वेळ, अगदी मनापासून विचार केला.

"कशासारखंच न्हाई रं," तो म्हणाला.

गाडी सुटली. मी एकही शिवी न देता खोलीवर परतलो. संध्याकाळभर मला कुणी कसलाच त्रास दिला नाही. त्याचाही मला इतका राग आला!