कोऱ्या काचा

दवाखान्यात तिला सगळे काचताई म्हणत. वीस वर्षं ती तळघरातल्या प्रयोगशाळेत काचपट्ट्यांवर रंग चढवून सूक्ष्मदर्शकातून बघत होती. माणसांशी गाठ पडत नाही, हेच तिला या कामात आवडायचं. "माझ्या काचा उलट बोलत नाहीत," ती नवऱ्याला ऐकवायची. "म्हणून ती कसर घरी भरून काढतेस होय," नवरा म्हणायचा.

वर्षभरापासून तिच्याकडे नव्या काचा येत होत्या. ज्या बायकांना एचपीव्ही विषाणूचा संसर्ग झालेला होता, त्यांच्या योनीमार्गातले जंतू तपासायचे. जंतू म्हटलं की लोक नाक मुरडतात. पण तिथले बरेचसे जंतू भले असतात, दह्यातल्या जंतूंच्या भावकीतले. काचेवर त्यांच्या जांभळ्या काड्या भरपूर दिसल्या की पहारा चांगला आहे असं समजायचं. पहारा चांगला असला तर विषाणू निघून जाण्याची शक्यता जास्त, असं डॉक्टरीणबाई सांगत. खात्री मात्र त्या कधीच देत नसत.

एकशे बारा नंबरने मात्र काचताईला छळलं. पहिल्या खेपेला काच जवळजवळ कोरी. महिन्याने पुन्हा नमुना घेतला, पुन्हा तेच. ना भले जंतू, ना बुरे. तिने आधी रंगाला दोष दिला, मग नर्सला.

नर्स फणकारली. "माझ्यावर नका ढकलू. ती एकशे बारा नंबरची शिंपीणबाई रडकुंडीला आलीय. म्हणते, आता एकदाच येईन. नाही जमलं तर दवाखान्याचं तोंड बघणार नाही."

विषाणू अंगात राहिला आणि बाई तपासणीला फिरकलीच नाही, तर काही वर्षांनी गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होऊ शकतो, हे काचताईने दुसऱ्या काचांवर पाहिलं होतं.

म्हणून तिसऱ्या खेपेला ती स्वतः जिना चढून वर गेली. चाळिशीची शिंपीणबाई बाकाच्या टोकाला अंग चोरून बसली होती. काचताई शेजारी टेकली आणि औषधी साबणाचा भपकारा नाकात शिरला.

"येण्याआधी धुऊन आलात?" तिने हळूच विचारलं. "आतूनसुद्धा?"

शिंपीणबाईने मान खाली घातली. "आज दोनदा. जंतुनाशक घालून. चिठ्ठीवरच लिहिलंय ना तुमच्या." तिने पर्समधून घडी केलेली चिठ्ठी काढली. 'जागा स्वच्छ धुऊन नमुना द्यावा.'

काचताईने कपाळाला हात लावला. ही तर लघवीच्या तपासणीची चिठ्ठी. वीस वर्षांपूर्वी तिनेच लिहिलेली, आणि नोंदणीच्या खिडकीवरून सरसकट सगळ्यांच्या हातात पडणारी. बाई बिचारी परीक्षेला येताना उत्तरपत्रिका पुसून येत होती, आणि पुसायला सांगणारी ही.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "पण घरी तरी धूत नाही ना असं?"

"रोज धुते. आजार कळल्यापासून. म्हटलं, माझ्याच घाणीने झालं असणार."

काचताईला स्वतःची भयंकर लाज वाटली. "घाणीचा काही संबंध नाही हो. हा संसर्ग कुणालाही होतो, धडधाकट बायकांनाही. तुम्ही रोज आपलेच पहारेकरी हाकलून देताय. आतून धुणं आजपासून बंद. बाहेरून साधं पाणी पुरे. आज नमुना नको, महिन्याने तशाच या."

"तशीच? मला लाज वाटेल."

"वाटू दे. काच मीच बघणार आहे, दुसरं कुणी नाही."

शिंपीणबाई "बघते" एवढंच म्हणून पर्स उचलून निघून गेली. त्याच दुपारी काचताईने नवी चिठ्ठी लिहिली आणि खिडकीवरचा जुना गठ्ठा स्वतःच्या हाताने फाडला.

महिन्याने ठरलेल्या दिवशी तिने वर चार वेळा फोन केला. चौथ्यांदा नर्स म्हणाली, "आली हो तुमची लाडकी."

तासाभराने काचेवर काड्या दिसल्या. फार नव्हत्या, पण होत्या. काचताई धावत वर गेली आणि शिंपीणबाईला हाताला धरून तळघरात घेऊन आली. शिंपीणबाई भिंगाला डोळा लावून कितीतरी वेळ बघत राहिली.

"हे माझ्यातले?"

"तुमचेच. वाढतील अजून."

"आणि तो विषाणू?"

"तो आहे अजून," काचताई म्हणाली. खोटं बोलायची तिची तयारी नव्हती. "सहा महिन्यांनी बघायचं. गेला तर उत्तम. नाही गेला तर पुढचं बघू."

शिंपीणबाईने डोळे पुसले आणि पर्समधून पेन काढून तिच्यापुढे धरलं.

"मग तारीख आत्ताच लिहून द्या," ती म्हणाली. "मी येणार आहे."